विधिकर्त्याचा अधिकार आणि बौद्ध मंगलपरिणय

परभणी जिल्ह्यातील उपासकांमध्ये मंगलपरिणयाविषयी एक मत वारंवार ऐकू येते. विधी लावणारा भिक्खू अथवा प्रमाणपत्रधारक बौद्धाचार्य नसेल, तर तो विवाह ग्राह्य नाही, असे ते मत. गावातील एखाद्या जाणत्या उपासकाने त्रिसरण-पंचशील देऊन लावलेली लग्ने त्यामुळे संशयास्पद ठरतात. हे मत धम्माच्या नावे मांडले जात असल्याने त्याची परीक्षा करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

विनयपिटकातील तेरा संघादिसेस आपत्तींपैकी पाचवी 'सञ्चरित्त' होय. स्त्रीपुरुषांचे लग्न जुळविण्यासाठी मध्यस्थी करणारा भिक्खू तिला पात्र होतो. मंगलप्रसंगी परित्तपाठ करणे निराळे. परंतु विवाह सिद्ध करण्याचा अधिकार विनयाने भिक्खूस दिलेला नाही. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात पत्नीला पश्चिम दिशा मानून पती-पत्नींची परस्परांप्रती पाच-पाच कर्तव्ये सांगितली आहेत. पतीने तिचा सन्मान करावा, अवमान करू नये, एकनिष्ठ राहावे, घरातील सत्ता तिच्या हाती द्यावी, अलंकार द्यावेत. या नात्यात तिसऱ्या व्यक्तीला स्थानच नाही. मग विधिकर्त्याच्या अधिकाराची ही कल्पना आली कोठून? आमच्या मते ती पुरोहिताच्या जुन्या वतनाचीच सावली आहे.

कायद्याचा आधारही या मतास मिळत नाही. १९५५ चा हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे. त्याचे सातवे कलम वर किंवा वधू यांच्या पक्षाकडील रूढ विधींविषयी बोलते. विधिकर्त्याची पात्रता सांगत नाही. नोंदणीच्या अर्जात पुरोहिताची सही मागतात, यावरून गैरसमज होतो. परंतु नोंद नसल्यामुळे विवाह अवैध ठरत नाही, हे आठव्या कलमातच स्पष्ट आहे.

खरा धोका दुसरीकडे आहे. भाऊराव लोखंडे यांच्या खटल्यात १९६५ साली सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या विवाहाचे आवश्यक विधी सिद्ध झाले नाहीत म्हणून आरोपीस मुक्त केले. न्यायालय विधी विचारते, आणि 'रूढी' म्हणजे दीर्घकाळ अखंड व एकसारखा चालत आलेला आचार. आमचा आचार तर १९५६ च्या धर्मांतरानंतरचा. मद्रास उच्च न्यायालयाने १९५३ साली स्वाभिमान विवाह याच कारणास्तव अमान्य केले होते. तमिळनाडूने १९६७ साली कलम ७-अ घालून, पुरोहिताविना झालेल्या मागील विवाहांसह, ती उणीव दूर केली. महाराष्ट्रातील बौद्धांना त्या कलमाचा लाभ नाही.

अशा स्थितीत गावोगाव निरनिराळा विधी चालणे परवडणारे नाही. बौद्धाचार्यांच्या प्रशिक्षणाचे मोल आम्ही मानतो ते एवढ्यासाठीच. मात्र प्रमाणपत्र नाही म्हणून लग्न नाही, असे आपणच म्हणू लागलो, तर पोटगी टाळू पाहणाऱ्या पतीच्या हाती आयता बचाव देतो. त्यापेक्षा प्रत्येक विहाराने एक विवाहवही ठेवावी. तीत तारीख, म्हटलेल्या गाथा, वधूवरांनी घेतलेल्या प्रतिज्ञा आणि दोन्हीकडील साक्षीदारांच्या सह्या असाव्यात. वधूची सही तिने स्वतः करावी.