गुण द्या, कारणही सांगा

दूरचित्रवाणीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत परीक्षकाला तीन कामे असतात: गाणे ऐकायचे, त्याची प्रत ठरवायची आणि ती तशी का ठरवली हे सांगायचे. यांतले तिसरे काम गेल्या दहा-पंधरा वर्षांत जवळजवळ बंद पडले आहे आणि त्याच्यामागोमाग दुसरेही चालले आहे. २०२१ च्या मे महिन्यात ‘इंडियन आयडॉल’च्या बाराव्या पर्वात किशोरकुमारांच्या गाण्यांचा विशेष भाग झाला. पाहुणे म्हणून त्यांचे पुत्र, गायक अमितकुमार आले होते. सगळ्यांचे कौतुक करायचे असे आपल्याला सांगण्यात आले होते, हे त्यांनी नंतर वृत्तपत्राशी बोलताना उघडपणे सांगितले. गदारोळ झाला तो किशोरकुमारांच्या गाण्यांना न्याय मिळाला की नाही यावर. मूळ प्रश्न बाजूलाच राहिला. ज्याचा अभिप्राय गाण्याआधीच ठरलेला आहे, त्याला ऐकायला बसवायचे कशासाठी?

सुरुवात अशी नव्हती. १९९५ मध्ये झी टीव्हीवर ‘सा रे ग म’ सुरू झाले तेव्हा सूत्रसंचालक सोनू निगम स्वतः गाणारा होता आणि परीक्षकाच्या जागी संगीतकार, गायक, शास्त्रीय संगीतातली जाणती मंडळी आलटून पालटून येत. ती मंडळी मोजके बोलत. गाण्याला लागलेल्या वेळाहून अभिप्रायाला कमी वेळ लागे. श्रेया घोषाल लहानपणी याच स्पर्धेच्या मुलांच्या विशेष भागात जिंकली. तिचे परीक्षण संगीतकार कल्याणजींनी केले होते आणि पुढे त्यांनीच तिला शिकवले. ऐकणारा कान आणि शिकवणारा कान एकच असला की परीक्षण कसे होते, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

मराठीत ‘सा रे ग म प’च्या २००८-०९ च्या ‘लिटिल चॅम्प्स’ पर्वाने घराघरांत ठाण मांडले. कार्तिकी गायकवाड, प्रथमेश लघाटे, आर्या आंबेकर, मुग्धा वैशंपायन आणि रोहित राऊत ही पाच नावे अजून एका दमात घेतली जातात. अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत परीक्षक होते आणि गुण आकड्यांत न देता स्वरांत दिले जात. ही पद्धत देखणी होती, पण तिच्यात एक खोट होती. मुलांच्या गाण्याला ‘ध’ आणि ‘नी’ यांच्याखाली उतरणे अवघड झाले, म्हणजे सप्तकातले खालचे स्वर नुसते शोभेला उरले. ‘ध’ मिळालेल्या मुलाचा चेहरा पडायचा आणि तो का मिळाला हे घरी बसलेल्या माणसाला फारसे कळायचे नाही. अवधूत गुप्ते यांचे ‘तोडलंस’ घरोघरी पोचले. ती उत्स्फूर्त दाद होती आणि दाद म्हणून सच्चीही होती. मात्र त्यानंतरच्या दशकात सगळ्या वाहिन्यांनी दादेलाच निकाल मानले, हे त्या पर्वाचे न मागितलेले देणे. २०२१ मध्ये हीच पाच मुले मोठी होऊन नव्या पर्वात परीक्षकांच्या जागी बसली. कौतुक वाटावे असाच तो क्षण होता, पण परीक्षण ही गायनाहून वेगळी विद्या आहे आणि वाहिन्या तिला गायनाचे बक्षीस समजतात.

या सगळ्यात जपण्यासारखी एक परंपरा आहे: गाऊन दाखवणाऱ्या परीक्षकाची. देवकी पंडित परीक्षक असताना ती दिसली आणि ‘सूर नवा ध्यास नवा’मध्ये महेश काळे यांच्याकडून अनेकदा दिसली. असा परीक्षक जागा नेमकी दाखवतो. अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीत षड्जावर येताना सूर चढा लागला, किंवा शब्दाच्या मधोमध श्वास घेतल्याने शब्द दोन तुकड्यांत मोडला, असे तो सांगतो आणि लगेच तीच ओळ न मोडता म्हणून दाखवतो. मुलाला दुरुस्ती मिळतेच, शिवाय लाखो घरांत बसलेल्या माणसांचा कान तेवढा तयार होतो. ‘काय गायलास रे’ या वाक्यातून कोणाचाच कान तयार होत नाही.

मराठी गाण्यात तर ऐकण्याजोगे इतके आहे की परीक्षकाला बोलायला वेळ पुरू नये. यशवंत देवांनी ‘शब्दप्रधान गायकी’ या पुस्तकात भावगीताची कसोटी मांडून ठेवली आहे, पण स्पर्धेत तिचे नावही निघत नाही. ‘चांदणे’ आणि ‘चंद्र’ यांतले दोन ‘च’ वेगळे आहेत. पहिल्यात जीभ दातांजवळ जाते, दुसऱ्यात टाळूला लागते. हिंदी चित्रपटगीतांवर वाढलेली आजची गुणी मुले ‘चांदणे’तला ‘च’ही सर्रास टाळूवर नेतात आणि गाण्याचा पोत तिथेच बदलतो. तान कितीही स्वच्छ असो, शब्द परका लागला की भावगीत उभे राहत नाही. मंचावर ही चूक सांगणारा परीक्षक विरळा.

दुसरे उदाहरण नाट्यसंगीतातले. ‘घेई छंद मकरंद’ या पदावर स्पर्धकांची फार भिस्त असते. १९६७ च्या ‘कट्यार काळजात घुसली’मध्ये जितेंद्र अभिषेकी यांनी हे एकच पद दोन घराण्यांच्या दोन चालींत बांधले. नाटकातला संघर्षच त्या दोन चालींत आहे. स्पर्धक यांतली कोणती चाल गातो आहे, तिची लय आणि तिचा डौल त्याने शेवटपर्यंत सांभाळला का, की एका चालीत सुरुवात करून दुसरीच्या ताना घातल्या, हे परीक्षकाने पहिल्याच वाक्यात सांगायला हवे. प्रत्यक्षात शेवटची तान संपायच्या आत परीक्षक उभे राहून टाळ्या वाजवू लागतात आणि गुण तिथेच ठरून जातात.

बाकीच्या पद्धतींवर फार शब्द खर्च करण्याची गरज नाही. ‘द व्हॉइस’मधल्या पाठमोऱ्या खुर्च्या पहिल्या फेरीनंतर वळून बसतात आणि पुढचे सगळे बघूनच चालते. एसएमएसची मते गाण्याची नसतात, गावाची आणि जिल्ह्याची असतात. चित्रपटाच्या जाहिरातीसाठी येणाऱ्या पाहुण्याला परीक्षकाशेजारी बसवणे हा परीक्षकाचा अपमान आहे.

गाणाऱ्याला न बघता ऐकण्याची पद्धत या देशात खुर्च्या फिरू लागण्याच्या पुष्कळ आधीपासून आहे. १९५२ नंतर माहिती व नभोवाणी मंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्या काळात आकाशवाणीने कलाकारांची ध्वनिचाचणी आणि श्रेणी ठरवली. श्रीकृष्ण रातंजनकर यांच्यासारखे विद्वान त्या कामात होते. कलाकारांनी तिला विरोधही केला आणि केसकरांची काही धोरणे हेकट होती. तरी त्या पद्धतीचा गाभा न्याय्य होता. गाणारा कोण, कुठला, कोणाचा, हे ऐकणाऱ्याला ठाऊक नसे; कानावर पडेल तेवढ्यावरच श्रेणी ठरे. आजच्या स्पर्धेत याच्या नेमके उलटे चालते. गाण्याआधी स्पर्धकाच्या घरची ओढाताण, आईचे कष्ट, कर्जाचा हप्ता यांची चित्रफीत दाखवतात. ती पाहून परीक्षकाचे डोळे भरतात आणि त्याच डोळ्यांनी तो गुण देतो. गरिबीतून आलेल्या मुलाचाच यात सर्वांत जास्त तोटा होतो. त्याने खरोखर चांगले गायले असले तरी ते गुण गाण्याचे होते की अश्रूंचे, हे कोणी सांगू शकत नाही.

त्यात भर तंत्राची. सूर दुरुस्त करणारी संगणकप्रणाली १९९७ पासून बाजारात आहे आणि चित्रीकरणानंतरच्या ध्वनिमिश्रणात ती सहज वापरता येते. म्हणजे परीक्षकाने ऐकले तेच प्रेक्षकाने ऐकले याची खात्री नाही. अशा वेळी नेमके कुठे काय चुकले हे परीक्षकाने जागेवर सांगणे हाच प्रेक्षकाला एकमेव आधार उरतो, आणि तोच आता काढून घेतला जातो आहे.

नकाराने मुलांचे मन मोडते, असा बचाव केला जातो. अपमानाने मन मोडते, दुरुस्तीने नाही. गुरूसमोर बसून एकच पलटा पन्नास वेळा घोटणाऱ्या मुलाला चूक सांगितलेली चालते, किंबहुना ती सांगितली नाही तर त्याला चुकल्यासारखे वाटते. महिनोन्महिने फक्त वाहवा ऐकलेला मुलगा स्पर्धा संपल्यावर रेकॉर्डिंगला जातो आणि एका ओळीचे दहा टेक द्यावे लागले की गोंधळतो. त्या वेळी त्याच्याजवळ ना परीक्षक असतो ना टाळ्या. कौतुकाचा हा खर्च मुलाच्या खात्यातून होतो आणि मिळकत वाहिनीच्या खात्यात जमा होते.

उपाय कठीण नाहीत आणि महागही नाहीत. चित्रफीत गुण दिल्यानंतर दाखवावी. परीक्षकाने गुण आधी लिहून द्यावेत, मग बोलावे. प्रत्येक गुणाबरोबर गाण्यातली किमान एक जागा नाव घेऊन सांगावी. परीक्षकांत एक तरी माणूस शिकवणारा असावा आणि पाहुण्याला गुण देण्याचा हक्क नसावा. हे मान्य नसेल तर वाहिन्यांनी ‘स्पर्धा’ हा शब्द सोडून ‘गाण्याचा कार्यक्रम’ म्हणावे. त्याला कोणाचीच हरकत असणार नाही. पण जोवर स्पर्धा म्हणून मुलांना मंचावर उभे केले जाते, तोवर ‘कुठे चुकलो’ हे विचारण्याचा त्यांचा हक्क आहे आणि परीक्षकाने त्याचे उत्तर दिलेच पाहिजे.