चौकोनांआडचा चेहरा

चित्र जितके जवळून पाहावे तितके अधिक कळते, असा आपला सर्वसाधारण समज असतो. साल्व्हादोर दालीचे १९७६ सालचे एक चित्र हा समज पार उलटा करते. जवळून पाहिले की भूमध्य समुद्राकडे पाहणारी पाठमोरी गाला, म्हणजे दालीची पत्नी, आणि भोवती रंगांचे ढोबळ चौकोन दिसतात. वीस मीटर मागे सरावे, तो त्याच चौकोनांतून अब्राहम लिंकनचा चेहरा उमटतो. चित्राच्या लांबलचक नावातच ही अट सांगितलेली आहे.

मूळ कल्पना मात्र प्रयोगशाळेतली. बेल प्रयोगशाळेतील लिऑन हार्मनने लिंकनची प्रतिमा संगणकाकरवी मोजक्या चौकोनांत विभागली आणि प्रत्येक चौकोनाला त्यातील छटांची सरासरी दिली. १९७३ साली हार्मन आणि बेला युलेश यांनी तिचे मर्म उलगडले. अशा प्रतिमेत चेहऱ्याची स्थूल घडण शिल्लकच असते. चौकोनांच्या तीव्र कडा तिला झाकून टाकतात. डोळे किलकिले करताच कडा विरतात आणि चेहरा परत येतो.

दालीने या कोरड्या चौकोनांना समुद्र, प्रकाश आणि एक स्त्री दिली. कोडे एकदा उलगडले की त्यातील चमत्कृती सरते, हा आक्षेप रास्त आहे. तरीही चित्र टिकते; कारण गालाजवळ जावे तर लिंकन हरपतो आणि लिंकन गवसावा तर गाला दुरावते. ही हुरहूर चमत्कृतीपलीकडची आहे.

परंतु जो गुण चित्राला तारतो, तोच अन्यत्र घातक ठरतो. ओळख लपविण्यासाठी वृत्तचित्रांत हेच चौकोन योजिले जातात. संभाव्य व्यक्तींची छायाचित्रे हाताशी असल्यास शिकविलेला संगणक असे अनेक चेहरे ओळखू शकतो, हे मॅकफर्सन, शोक्री आणि श्माटिकोव्ह यांनी २०१६ साली दाखविले. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या व्यक्तीची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ अन्वये, मोजके अपवाद वगळता, गुन्हा आहे. ज्यांच्या सहीने छायाचित्रे प्रसिद्धीस जातात, त्यांनी हे चित्र अवश्य आठवावे. लपवायचा चेहरा सरळ कापून टाकावा किंवा त्यावर सपाट काळा पट्टा भरावा. चौकोन रसिकासाठी राखून ठेवावेत. त्याला मागे सरून पाहण्याचा आनंद आहे, पीडितेला मात्र त्याच अंतराचे भय आहे.