अक्षर कोणाचे? पंडिता रमाबाईंचे बायबल आणि आपण

आठवीच्या वर्गात आम्ही जीवाश्मांचा धडा शिकवत होतो. दगडात उमटलेला मासा करोडो वर्षांपूर्वीचा आहे, असे म्हणताच मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. "सर, दुनिया छे दिन में बनी बोलते, फिर ये करोड़ों साल कहाँ से आए?" उर्दू माध्यमाच्या शिक्षकाला हा प्रश्न नवा नाही. उत्तरही आमच्याजवळ तयार होते. अरबीतला 'यौम' म्हणजे दर वेळी चोवीस तासांचा दिवस नव्हे. सूरह हज (२२:४७) मध्ये अल्लाहजवळचा एक दिवस आपल्या हजार वर्षांसारखा सांगितला आहे, आणि सूरह मआरिज (७०:४) मध्ये तर पन्नास हजार वर्षांचा दिवस येतो. मुलगा खाली बसला, पण लगेच पुन्हा उठला. "फिर सर, ईसाइयों की किताब में भी छेच दिन हैं ना? वो कैसे गलत?"

या वेळी मात्र आमच्याजवळ उत्तर नव्हते. कारण त्याच्या चार दिवस आधी चकलांब्यात झालेल्या एका जलशात वक्त्याने बायबलची टर उडवली होती. सूर्य चौथ्या दिवशी निर्माण झाला, तर आधीचे तीन दिवस मोजले कोणी, असे त्याने विचारले आणि मंडप हसला. त्या हसण्यात आम्हीही होतो. तो मुलगाही तिथे होता.

त्या प्रश्नाने आम्हांस बायबलकडे नेले. बीडच्या रद्दीवाल्याकडून एक जुनी मराठी प्रत फार पूर्वीच घेतलेली होती, ती उघडली. बायबल अक्षरशः खरे मानावे काय, हा प्रश्न विलायती वाटतो. पण त्याची सर्वांत जिवंत कहाणी आपल्या महाराष्ट्रातच, दौंडजवळच्या केडगावी घडली आहे. ती पंडिता रमाबाईंची कहाणी होय.

रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. धर्म बदलला म्हणून त्यांनी आपली बुद्धी गहाण टाकली नाही. सिस्टर जेराल्डिन आणि इतरांशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार अ. भि. शहा यांनी संपादित केला, तो १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. त्या पत्रांतील रमाबाई त्रैक्याचा सिद्धान्त निमूटपणे मान्य करत नाहीत. येशूच्या चमत्कारिक जन्माबद्दलही त्या शंका घेतात. बायबल आपण स्वतः वाचू आणि स्वतःच्या विवेकाने समजून घेऊ, पाद्र्यांच्या सांगण्यावरून नव्हे, असा त्यांचा हट्ट होता.

आमच्या वाचकांनी येथे जरा थांबावे. त्रैक्य आपणही मानत नाही. मग रमाबाई 'आपल्या' बाजूच्या झाल्या काय? नाही. कारण ज्या जन्माबद्दल त्यांना शंका होती, त्यावर तर आपला ईमान आहे. हजरत मरियमच्या पोटी पित्याविना हजरत ईसा जन्मले, हे कुरआन सांगते. म्हणजे एका प्रश्नावर आपण त्या काळच्या रमाबाईंसोबत आहोत, तर दुसऱ्यावर त्यांना समजावणाऱ्या जोगिणीसोबत! दुसऱ्याच्या किताबीबद्दल 'सगळे खरे' किंवा 'सगळे खोटे' असा निकाल देणे किती अवघड आहे, हे यावरून दिसावे.

पुढे रमाबाई बदलल्या. धर्म आधी मिळाला, पण ख्रिस्त नंतर गवसला, असा १९०७ च्या त्यांच्या आत्मकथनाचा आशय आहे. शंका घेणारी विदुषी बायबलच्या शब्दाला पूर्णपणे शरण गेली. त्या शरणागतीतून त्यांचे सर्वांत मोठे काम उभे राहिले. विल्यम केरीच्या सेरामपूर छापखान्यातून १८०५ मध्ये मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत आले होते आणि पुढे मिशनऱ्यांची पूर्ण बायबलेही आली. पण ती भाषा रमाबाईंना फार संस्कृतप्रचुर वाटे. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून वाचलेल्या, नुकतीच अक्षरओळख झालेल्या बायका होत्या. त्यांना ती कळावी कशी? शिवाय त्या संस्कृत शब्दांना जुन्या धर्माचे अर्थ चिकटलेले. मूळचे शब्दच आणावेत म्हणून रमाबाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. सुमारे अठरा वर्षे त्या भाषांतर करीत राहिल्या. खिळे जुळवणे आणि छपाई मुक्तीतल्या बायकांनीच केली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या, तेव्हा शेवटची मुद्रिते तपासून नुकतीच हातावेगळी झाली होती. ग्रंथ १९२४ मध्ये निघाला.

एका बाईने मूळ भाषांतून एकटीने केलेले हे काम मराठीच्या इतिहासात अपूर्व आहे. तरीही समीक्षा म्हणून एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. मराठी चर्चमध्ये हे भाषांतर रूढ झाले नाही. त्याचे एक कारण त्याच्या निष्ठेतच आहे, असे आम्हांस वाटते. शब्दाला शब्द ठेवला की वाक्य परक्या चालीने चालू लागते. ज्या बाईसाठी भाषा सोपी करायची, तिला शब्द कळतो, पण वाक्य अडते.

आणि शब्द तरी निर्विवाद कुठे असतो? यशयाच्या पुस्तकात (७:१४) हिब्रू शब्द आहे 'अल्मा', म्हणजे तरुण स्त्री. प्राचीन ग्रीक भाषांतरात त्याचा 'पार्थेनोस', म्हणजे कुमारी, झाला आणि मत्तयाने (१:२३) तोच घेतला. भाषांतरकाराने तरुणी लिहावे की कुमारी? जो 'अक्षरशः' म्हणेल त्यालाही आधी अक्षर निवडावे लागते. 'जुना करार', 'नवा करार' यांतला करार हा शब्द तर अरबीतून मराठीत आलेला. मराठी ख्रिस्ती माणूस आपल्या पवित्र ग्रंथाचे नाव घेतो ते आपल्याच ओळखीच्या शब्दात!

हा पेच आपल्या घरातही होता. शाह वलीउल्लाह यांचे दोन पुत्र दिल्लीत कुरआनाचा उर्दू तर्जुमा करीत होते. शाह रफीउद्दीन यांनी अरबी शब्दाखाली शब्द ठेवला. शाह अब्दुल कादिर यांनी मुहावरा धरला, दिल्लीच्या घराघरांत बोलली जाते ती बोली. आदर दोघांचाही झाला, पण सामान्य घरात अर्थ पोचवला तो धाकट्या अब्दुल कादिर यांनी. मराठी बायबलमध्ये रमाबाईंची वाट रफीउद्दीन यांची आहे. दुसऱ्या वाटेने फादर फ्रान्सिस दिब्रिटो गेले. त्यांचे 'सुबोध बायबल' आजच्या मराठीत बोलते. जानेवारी २०२० मध्ये आमच्या शेजारच्या उस्मानाबादेत, म्हणजे आताच्या धाराशिवात, साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२४ मध्ये ते वारले. ते ज्या कॅथलिक चर्चचे धर्मगुरू होते, त्या चर्चनेच १९६५ च्या आपल्या दस्तऐवजात म्हटले आहे की, बायबलचा अर्थ लावताना मजकूर इतिहास आहे, काव्य आहे की भविष्यवाणी आहे, हे आधी पाहावे. आपल्याकडेही आले-इम्रान (३:७) मध्ये मुहकम आणि मुतशाबिह आयतींचा भेद सांगितलेला आहेच.

कोणी म्हणेल, पण बायबलमध्ये तहरीफ झाली आहे, त्याचे काय? एप्रिल १८५४ मध्ये आग्र्याला मौलाना रहमतुल्लाह कैरानवी आणि पाद्री फांडर यांचा मुनाजरा झाला. बायबलच्या प्रतींत काही ठिकाणी फेरफार आढळतात, हे फांडरला कबूल करावे लागले. हा विजय आपल्याला पाठ आहे. पण कैरानवी आणि त्यांचे साथीदार डॉ. वजीर खान यांनी युरोपातल्या ख्रिस्ती अभ्यासकांचीच पुस्तके वाचून ही तयारी केली होती, हे जलशात कोणी सांगत नाही. आणि नंतर थोड्याच वर्षांत सर सय्यद अहमद खान यांनी 'तबईनुल कलाम' हे बायबलचे भाष्य लिहायला घेतले. तहरीफ मुख्यतः अर्थाची झाली, सगळा मजकूरच बदलला असे नव्हे, असे त्यांचे मत. मत पटो न पटो, टीकेआधी ग्रंथ वाचला पाहिजे, ही त्यांची शिस्त तरी आपण घ्यावी. पहिले तीन दिवस मोजले कोणी, हा प्रश्नसुद्धा त्या वक्त्याचा नव्हे. तिसऱ्या शतकातल्या ओरिजेन या ख्रिस्ती पंडितानेच तो विचारून ठेवला आहे, आणि त्यावरून तो मजकूर अक्षरशः घेऊ नये असे म्हटले आहे.

आमचे मत सरळ आहे. बायबल अक्षरशः खरे मानावे की नाही, हे ख्रिस्ती बांधवांनी ठरवावे. आपला त्याच्याशी संबंध येतो तो इन्साफाचा. आपल्या 'यौम'ला जी सवलत आपण देतो, ती त्यांच्या 'योम'ला नाकारता येणार नाही. हिब्रू आणि अरबीतला तो एकाच मुळाचा शब्द आहे. आपल्या किताबीला भाष्य आणि त्यांच्या किताबीला हशा, हा न्याय नव्हे.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या मुलाला वर्गासमोर बोलावून सांगितले की, तुझा प्रश्न बरोबर होता आणि त्या रात्री मंडपात आम्ही हसलो, ते चुकले. तो गोंधळला. सर चुकले, हे ऐकायची त्याला सवय नव्हती. मग आम्ही फळ्यावर 'योम' आणि 'यौम' शेजारी शेजारी लिहिले आणि जीवाश्मांचा राहिलेला धडा पुढे सुरू केला.