तीन मिनिटांत मावलेला भगत

सिंधी गाण्याला श्रोत्यांची वाण कधीच नव्हती. वाण आहे ती समीक्षकांची. उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात आजही लग्नघरी लाडे म्हणजे लग्नगीतं गायली जातात, टिकाण्यात, म्हणजे सिंधी प्रार्थनास्थळात, भजनं होतात, चेटीचंडच्या नववर्षाला ढोल-शरणाईवर छेज नाच रंगतो. पण या गाण्याच्या जुन्या ध्वनिमुद्रिकांवर ढोलकी कुणाची आहे, चाल कुणी बांधली, त्यातलं थोर काय आणि बेतास बात काय, हे विचारणारं लेखन फार थोडं. भक्तीचं गाणं म्हटलं की त्यात डावं-उजवं करू नये, अशी आपली समजूत. त्या समजुतीनं या गाण्याचं मोठं नुकसान केलं आहे.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं गॉस्पेल याच वाटेनं निघालं होतं. गावोगावच्या छोट्या कंपन्यांच्या तबकड्या गल्लीबाहेर गेल्याच नाहीत, आणि पुढं अडगळीत गेल्या. टेक्सासच्या बेलर विद्यापीठातले रॉबर्ट डार्डन यांनी २००५ मध्ये वर्तमानपत्रात लेख लिहून ही ओरड केली, आणि तिथं जतनाचा प्रकल्प उभा राहिला. शिकागोच्या न्यूमेरो ग्रुपनं २००४ मध्ये ओहायोतल्या कॅपसोल या बिल मॉस यांच्या चिमुकल्या कंपनीची गाणी, गॉस्पेलची नव्हे तर सोल संगीताची, पुन्हा काढली. त्यांचं मोठेपण केवळ जुनी तबकडी स्वच्छ वाजवण्यात नाही. गायकांना शोधून काढलं, त्यांची हकीकत लिहिली, आणि हे गाणं कलाकृती म्हणून लोकांपुढं ठेवलं.

आपल्याकडं तसं व्हायचं असेल तर सुरुवात ‘भगत’पासून करावी लागेल. सिंधमध्ये भगत म्हणजे नुसता भक्त नव्हे. तो गाणारा, नाचणारा, गोष्ट सांगणारा कलावंत, आणि त्याचा रात्रभराचा खेळही भगतच. अंगात घोळदार जामा, डोक्यावर पगडी, पायात घुंगरू, मागं साथीदार. रात्र चढत जाते तशी कथा आणि गाणं एकमेकांत मिसळतात. एकाच बैठकीत सूफी कवी शाह अब्दुल लतीफ येतात, कबीर येतो, मीरा येते. भगत कंवरराम (१८८५–१९३९) या परंपरेचं शिखर. जमलेले पैसे गोरगरिबांत वाटून टाकणारा हा माणूस १ नोव्हेंबर १९३९ रोजी रुक स्टेशनवर गोळ्या घालून मारला गेला. संत म्हणून त्यांची आठवण उदंड आहे, त्यांच्या नावाचं टपाल तिकीटही निघालं. पण गायक म्हणून त्यांचा विचार कुणी केला? तार सप्तकात सहज जाणारा आवाज आणि शब्द स्पष्ट ठेवून घेतलेली हरकत यांची चर्चा चमत्कारांच्या कथांखाली गाडली गेली.

अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू सव्वातीन मिनिटांच्या आसपास संपते. रात्रभराचा भगत तीत बसवायचा म्हणजे कथा गेली, नाच गेला, श्रोत्यांशी चाललेला संवाद गेला. उरला तो कलाम: धृपद, दोन-तीन कडवी, मध्ये पेटीचे तुकडे. या काटछाटीतून एक नवाच गानप्रकार जन्माला आला असं माझं ठाम मत आहे, आणि त्याचा खरा कारागीर मास्टर चंदर (१९०७–१९८४). ते पहिल्याच ओळीत श्रोत्याला विरहाच्या मध्यावर नेऊन सोडतात. आळवणीला वेळ नाही, म्हणून आवाजातला कंपच आळवणीचं काम करतो. फाळणीनंतर ते मुंबईत आले, आणि तेव्हा त्याच विरहाला वेगळा अर्थ चढला. प्रियकराची ताटातूट ऐकणाऱ्याला आता सिंधू नदी आठवू लागली.

कल्याणच्या लष्करी छावणीच्या बराकींत हे ऐकणारे येऊन पडले होते. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिचं उल्हासनगर झालं, कॅम्पांचे आकडे मात्र लोकांच्या तोंडी कायम राहिले. प्रा. राम पंजवानी (१९११–१९८७) यांनी मातीचा घडा वाजवत गाऊन विखुरलेल्या समाजाला एकत्र बसवलं. गायक म्हणून ते फार मोठे नव्हेत. पण घड्याच्या त्या ठेक्यात बैठक जमवण्याची जी ताकद आहे ती भल्या वाद्यवृंदाला येत नाही. भगवंती नावाणी (१९४०–१९८६) यांची गोष्ट वेगळी. त्यांचा आवाज खणखणीत, थोडा नाकातला, आणि लाड्यांना नेमका तसाच लागतो. लग्नाच्या गर्दीत, मांडवात, बायकांच्या घोळक्यातून वर येणारा. हिंदी चित्रपटाच्या धर्तीवर व्हायोलिनांचा ताफा मागं उभा केला की हाच आवाज परका वाटू लागतो. त्यांचं नाव राहील ते लाड्यांमुळं. सेहेचाळिसाव्या वर्षी त्या गेल्या, हे आजही सलतं.

कॅसेट आली आणि गाणं स्वस्त झालं. भगताला कथा सांगायला पुन्हा वेळ मिळाला, कारण कॅसेटची एक बाजू अर्धा तास चालते. हा लाभ खरा. मात्र पाठोपाठ कीबोर्ड आला, आणि त्याच्या ठोकळ ठेक्यानं ढोलकीचा लवचीकपणा खाल्ला. आज सत्संगात आणि लग्नात जे वाजतं त्यातलं बरंचसं सिंधी शब्दांचं फिल्मी गाणं आहे. लाडा वेगात म्हणायचा नसतो; त्यात मामा, मावशी, आत्या यांना नावानं ओवायला जागा लागते. डीजे ती जागाच ठेवत नाही.

लिपीचा पेचही आहे. जुनी पदं अरबी वळणाच्या सिंधीत, आणि इथल्या शाळांतून शिकलेल्या नातवंडांना वाचता येते ती देवनागरी. १९६७ मध्ये सिंधी आठव्या अनुसूचीत आली, पण तबकडीच्या लेबलवरचं नाव वाचणारं घरात कुणी उरलं नाही.

मराठी वाचकानं हे परक्याचं दुखणं समजू नये. कल्याणचे प्रल्हाद शिंदे (१९३३–२००४) विठ्ठलाची गाणी, भीमगीतं आणि कव्वाली सारख्याच जोमानं गात. त्यांचं नाव सर्वांना ठाऊक. त्यांच्यासोबतच्या कोरसचं आणि ढोलकीवाल्याचं किती जणांना सांगता येईल? मुंबईत १९९० पासून सुरेश चांदवणकर आणि ध्वनिमुद्रिका संग्राहकांच्या संस्थेनं हौसेनं जे काम केलं, ते तीन नंबरमधल्या चांदीबाई कॉलेजच्या मुलांना करता येण्याजोगं आहे. घरातली तबकडी आणायची, लेबल देवनागरीत उतरवायचं, आजीला शेजारी बसवायचं आणि एक बाजू संपल्यावर तिला विचारायचं: पुढचं कडवं यात नाही, ते तुला येतं का?