पडद्यावरील वैचारिक गद्य

मराठीत निबंध आणि व्याख्यान यांना स्थिर रूप लाभले ते जवळजवळ एकाच सुमारास. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ १८७४ साली निघाली आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यातील वसंत व्याख्यानमालेचा आरंभ १८७५ साली झाला. तेव्हापासून आपल्या समीक्षेने निबंधाची चिकित्सा बारकाईने केली. व्याख्यानाला मात्र वक्तृत्वाच्या कौतुकापलीकडे फारसे काही दिले नाही. आज इतिहासकार आणि समाजचिंतक आपल्या ग्रंथांविषयी, किंबहुना ग्रंथांऐवजी, दूरचित्रवाणीवर बोलू लागले आहेत, आणि ही उणीव अधिकच जाणवू लागली आहे. पडद्यावरून होणारे भाषण हे धड व्याख्यान नसते, धड निबंधही नसते. ते कोणत्या कसोटीवर घासून पाहावयाचे?

या प्रश्नाचे गांभीर्य जयपूरच्या साहित्योत्सवात घडलेल्या एका प्रसंगावरून स्पष्ट होते. २००६ पासून भरत आलेल्या आणि त्या काळी दिग्गी पॅलेसच्या आवारात होणाऱ्या या उत्सवात २६ जानेवारी २०१३ रोजी एक परिसंवाद झाला. त्यात भ्रष्टाचार हा समाजात एक प्रकारची समता आणणारा घटक आहे, अशा आशयाचे विधान तरुण तेजपाल यांनी केले. आशीष नंदी यांनी तोच धागा पुढे नेला आणि सर्वांत भ्रष्ट माणसे इतर मागासवर्गीय, अनुसूचित जाती आणि आता अनुसूचित जमाती यांतून येतात, असे म्हटले. त्याच व्यासपीठावरील पत्रकार आशुतोष यांनी तत्काळ हरकत घेतली. पुढे जयपुरात नंदींविरुद्ध गुन्हा नोंदविण्यात आला. १ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने अटकेला स्थगिती दिली, परंतु अशा बोलण्याविषयी नापसंतीही व्यक्त केली.

मंडपात बसलेल्या श्रोत्याने तेजपाल यांचे बोलणे ऐकले होते, नंदींचा स्वर ऐकला होता, आशुतोष यांचा आक्षेपही ऐकला होता. त्याच शहरात, अजमेर रस्त्यावरील सोडाल्यासारख्या वस्तीत वृत्तवाहिनी लावून बसलेल्या माणसाच्या वाट्याला मात्र मुख्यतः ते एक विधान आले, आणि तेही पुनःपुन्हा. संदर्भ तोडून विधान दाखविले ही नंदींच्या समर्थकांची तक्रार त्यामुळे निराधार म्हणता येत नाही. परंतु ती अपुरी आहे. संदर्भ जोडून दिला म्हणजे विधान निर्दोष ठरते, हे गृहीत धरण्यापूर्वी त्या संदर्भाची वाङ्मयीन तपासणी व्हावयास हवी.

आपले म्हणणे विशद करण्यासाठी नंदींनी दोन दाखले दिले. पहिला असा, की आपण आणि रिचर्ड सोराबजी यांनी एकमेकांच्या मुलांची हार्वर्ड-ऑक्सफर्डमध्ये सोय लावली तर त्यास कोणी भ्रष्टाचार म्हणणार नाही. गुणांना प्रोत्साहन दिले असेच दिसेल. दलित, आदिवासी वा मागासवर्गीय यांचा भ्रष्टाचार मात्र लगेच डोळ्यांत भरतो. हा दाखला उत्कृष्ट आहे. त्यात वक्ता स्वतःलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करतो, म्हणून उपरोधाची दिशा निःसंदिग्ध राहते. दुसरा दाखला पश्चिम बंगालचा. ते राज्य स्वच्छ आहे आणि गेल्या शंभर वर्षांत तेथे या वर्गांतील कोणी सत्तेच्या जवळपासही आलेले नाही, असे त्यात सांगितले गेले. येथे वक्रोक्ती आहे की कार्यकारणभाव? उच्चवर्णीयांचा भ्रष्टाचार तेथे दिसत नाही, असे सुचवावयाचे असेल, तर त्या सूचनेची एकही खूण वाक्यात नाही. नंदींचे लेखन वाचलेला वाचक ती खूण स्वतः पुरवतो. ‘द इंटिमेट एनिमी’ (१९८३) या त्यांच्या ग्रंथात अवघे दोन दीर्घ निबंध आहेत; विरोधाभासाला उलगडण्यासाठी तेथे पानेच्या पाने मिळतात. पडद्यावर ती मिळत नाहीत. ज्याने त्यांची पुस्तके वाचलेली नाहीत, त्याने ते वाक्य शब्दशः घेतले तर दोष ऐकणाऱ्याचा नव्हे. कांचा इलैया यांनी हेतू चांगला पण विधान वाईट असा जो निवाडा दिला, तो सामाजिक म्हणून गाजला. वस्तुतः तो शैलीविषयक निवाडाही आहे.

मराठी वाचकाला हे प्रकरण ऐकताना जोतीराव फुल्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ची आठवण होणे अपरिहार्य आहे. १८८३ साली पूर्ण झालेल्या या ग्रंथाचा विषयही भ्रष्टाचार आणि जात यांचा संबंध हाच आहे. मात्र तेथे आरोपी आहेत ते कचेऱ्यांतील उच्चवर्णीय कामगार. ग्रंथातील भाग छापून येण्याआधी फुल्यांनी ते ठिकठिकाणी लोकांसमोर वाचून दाखविले होते. म्हणजे ते गद्यही मुळात कानासाठी घडलेले. फुल्यांची विधाने सौम्य नाहीत, सरसकट आहेत, काही ठिकाणी अन्यायकारकही वाटावीत अशी आहेत. परंतु विधानामागोमाग व्यवहार येतो: अक्षरशत्रू शेतकरी दाव्यात कसा गुंतवला जातो, कारकून पैसा कसा उकळतो, आळशी गोरा अधिकारी त्याच्यावर कसा विसंबून राहतो. कोणताही तुकडा वेगळा काढला तरी त्यात कोणी तरी कोणाला तरी लुबाडताना दिसतेच. उपरोध ओळखण्यासाठी लेखकाचा पूर्वपरिचय लागत नाही.

अर्थात फुल्यांना वृत्तवाहिनीची कात्री ठाऊक नव्हती, आणि नंदींच्या पिढीच्या विद्वानांना ती पुरेशी ठाऊक असूनही त्यांनी तिची पर्वा केली नाही, हा फरक राहतोच. विद्यापीठीय निबंधकाराला आपला श्रोता आपल्यासारखाच वाचक आहे असे वाटत असते. ही सवय परिसंवादाच्या मंडपात खपून जाते. पडद्यावरील गद्याची समीक्षा करणाराला म्हणूनच निदान तीन पाठ समोर ठेवावे लागतील: प्रत्यक्ष झालेली चर्चा, प्रक्षेपित झालेला तुकडा आणि वक्त्याचे नंतरचे निवेदन. जयपूरच्या प्रकरणात बहुतेकांनी यांपैकी एकच पाठ निवडला, आणि तो कोणता हे ज्याच्या त्याच्या पक्षावरून आधीच ठरलेले होते.