विशेषणाची जागा

मराठी व्याकरणात विशेषणाला दोन जागा आहेत. नामाच्या आधी आले तर ते अधिविशेषण. नामानंतर येऊन विधान पुरे करू लागले तर ते विधिविशेषण. शाळेत हा भेद आपण पाठ करतो आणि परीक्षेनंतर विसरतो. आमच्या मते मात्र गद्याची लय आणि लेखकाची नीती, दोन्ही या भेदाशी निगडित आहेत.

उदाहरणासाठी पुण्याची बुधवार पेठ घेऊ. येथे तांबडी जोगेश्वरी आहे, काळी जोगेश्वरीही आहे. रंग येथे वर्णनासाठी नाही, ओळखीसाठी आहे. तो नावात इतका मुरला आहे की पुणेकर 'तांबड्या जोगेश्वरीचे' न म्हणता 'तांबडी जोगेश्वरीचे देऊळ' म्हणतो. नामाआधीचे विशेषण फार काळ एका जागी राहिले म्हणजे असे होते : ते विकार पावत नाही आणि त्याचा अर्थही कोणी तपासत नाही.

देवीच्या बाबतीत यात काही बिघडत नाही. पण 'बदनाम बुधवार पेठ' असे शब्द एकमेकांना चिकटून येऊ लागतात, तेव्हा थांबावेसे वाटते. पेठ दिसण्यापूर्वीच निकाल लागलेला असतो. त्याऐवजी 'पेठ बदनाम झाली' असे लिहून पाहावे. क्रियापद आले, काळ आला आणि प्रश्नही आले : कोणामुळे? कोणाच्या पैशाने? याच पेठेतील भिडे वाड्यात १८४८ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली. अप्पा बळवंत चौकात आजही पुस्तकांची दुकाने गजबजलेली असतात. 'बदनाम' मागे सरकले की या साऱ्याला वाक्यात जागा होते.

लयीचेही तसेच. 'अरुंद, अंधाऱ्या, कोंदट, जुनाट जिन्यावरून ती उतरली' या वाक्यात चार विशेषणे ओलांडीपर्यंत वाचक दमतो. जिना दिसत नाही, ती बाई तर नाहीच. 'ती जिना उतरली. जिना अरुंद, अंधारा.' येथे आधी माणूस येतो, मग वस्तू, मग तिचा गुण. आणि 'अंधारा' या शब्दावर कान थांबतो.

विशेषण आधी कधीच नको, असे नव्हे. 'ओल्या पायरीवरून तिचा पाय घसरला' येथे ओलेपणा आधीच हवा, कारण घसरण्याचे कारण तेच आहे.

नव्याने लिहिणाऱ्यांस आम्ही एवढेच सुचवू : वस्तूचे विशेषण कोठे ठेवावे, हे कानाला विचारावे. माणसाच्या बाबतीत मात्र आधी माणसाला आत येऊ द्यावे.