मळवलीचा छाप आणि पुण्याची चित्रशाळा: एकोणिसाव्या शतकाअखेरची प्रतीके

१८८६ च्या सप्टेंबरात ज्याँ मोरेआस या कवीने पॅरिसच्या ‘ल फिगारो’ या वृत्तपत्रात प्रतीकवादाचा जाहीरनामा छापला, तेव्हा गुस्ताव्ह मोरो आणि ओदिलों रदों हे चित्रकार त्या वाटेने बरीच वर्षे चालत आले होते. डोळ्यांना दिसते ते हुबेहूब उतरवण्यापेक्षा भीती, वासना, मृत्यूची ओढ अशा अवस्था एखाद्या आकृतीच्या वा रंगाच्या आडून सुचवाव्यात, हा प्रतीकवादाचा गाभा. आणि तो वास्तवदर्शनाला विटलेल्या मनांतून आलेला होता. मुंबईत मात्र त्याच दशकात तेच वास्तवदर्शन नव्या विद्येच्या उत्साहाने शिकले जात होते. त्यामुळे मराठी मुलखात मोरो शोधू जाणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही. पण तेवढ्यावरून त्या काळच्या इथल्या चित्रात प्रतीकाला स्थानच नव्हते असे जे सर्रास मानले जाते, ते पटण्यासारखे नाही. हे प्रतीक प्रदर्शनांच्या दालनांपेक्षा छापखान्यांत अधिक सापडते, एवढेच.

१८५७ मध्ये सुरू झालेल्या मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत रेखांकन, छायाप्रकाश आणि यथार्थदर्शन, म्हणजे सपाट कागदावर जवळ-दूरचे अंतर भासवण्याची रीत, यांवर भर असे. याच शाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करून घेतल्या. लंडनला गेलेल्या त्या प्रतिकृतींपैकी पुष्कळशा आगीत जळाल्या, तरी ग्रिफिथ्स यांचा द्विखंडी ग्रंथ १८९६-९७ मध्ये निघाला. बोटांच्या एका वळणात करुणा साठवणारी ही चित्रे तेरा वर्षे नजरेसमोर असूनही मुंबईच्या तैलचित्रांवर त्यांचा ठसा जवळजवळ उमटला नाही, हे नवल आहे. कातडीचा पोत, रेशमाची चमक आणि चेहऱ्यावरचा उजेड हीच कौशल्याची कसोटी होऊन बसली होती. गणपतराव म्हात्रे यांचा १८९६ चा ‘मंदिरपथगामिनी’ हा पुतळा, शिल्प असला तरी, येथे अपवाद म्हणून नोंदवावा लागतो: नऊवारीतली एक तरुणी पूजेचे साहित्य घेऊन निघाली आहे, देव कुठेच दिसत नाही, आणि तरीही भक्तीची सगळी कल्पना तिच्या चालीत उतरली आहे.

राजा रविवर्मा हे केरळचे असले तरी त्यांची खरी कीर्ती बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने आणि मुंबईच्या बाजारपेठेने घडवली. त्यांच्या सरस्वतीकडे नीट पाहिले की एक विलक्षण जोडकाम ध्यानात येते. खडकावर बसलेली ही स्त्री शरीराने, साडीच्या निऱ्यांनी आणि सावलीने पूर्णपणे या जगातली आहे. पण तिचे दोन हात वीणेवर आणि उरलेल्या दोन हातांत पोथी व जपमाळ आहे, शेजारी मोर आहे. वास्तवदर्शी शरीराला चार हात देणे हे शैलीच्या दृष्टीने धाडसच होते. मूर्तिशास्त्रातली चिन्हे, म्हणजे देवता ओळखण्यासाठी परंपरेने ठरवून दिलेली आयुधे, वाहने आणि वस्तू, त्यांनी जशीच्या तशी ठेवली आणि ती धारण करणारे शरीर तेवढे बदलले. रदोंच्या प्रतीकाचा अर्थ प्रेक्षकाला चाचपडत शोधावा लागतो. इथे तो पाहणाऱ्याला आधीच तोंडपाठ असतो. या एका फरकातून पुढचे सगळे निघाले.

रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि प्लेगच्या काळात, १८९९ च्या सुमारास, लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड वापरून एकावर एक छाप घ्यायचे आणि वरून तैलरंगाची झाक आणायची, अशी ही ओलिओग्राफची पद्धत होती. त्याआधीच, १८७८ मध्ये, विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने पुण्यात चित्रशाळा निघाली होती आणि पुढे वासुकाका जोशी यांनी ती सांभाळली. तिथे देवादिकांच्या चित्रांबरोबर नाना फडणीसही छापले जात, आणि एकाच भिंतीवर राम व पेशवाईचा मुत्सद्दी शेजारी शेजारी येऊन बसणे हेच मुळात एक विधान होते. दौंड तालुक्यातल्या भांडगावासारख्या गावी मूळ तैलचित्र पाहायला मिळण्याचा संभव नव्हता. तिथे चित्र पोचायचे ते अशा छापील कागदाच्याच रूपाने.

अर्थ सर्वांना ठाऊक असलेले प्रतीक स्वप्नाकडे न वळता समाजकारणाकडे वळले, यात आश्चर्य नाही. रविवर्मा छापखान्याच्या गोमातेच्या चित्रात गाईच्या अंगावर चौऱ्याऐंशी देव दाटीवाटीने मांडलेले असून समोर तलवार उगारलेला पशुमुखी राक्षस आहे. त्याला कोणी कलियुग म्हणून वाचे, तर कोणी परधर्मीय कसाई म्हणून. आणि ही मोकळीकच त्या चित्राची ताकद व त्याचा धोका होता. सैरंध्रीचे उदाहरण याहून बोलके आहे. १८९० च्या सुमारास रविवर्म्यांनी रंगवलेली सैरंध्री ही कीचकाच्या भयाने अंग चोरणारी एक स्त्री आहे, तिची व्यथा तिच्यापुरती आहे. १९०७ मध्ये कृ. प्र. खाडिलकरांचे ‘कीचकवध’ रंगभूमीवर आले तेव्हा मात्र प्रेक्षकांनी तिच्यात पारतंत्र्यातला देश आणि कीचकात लॉर्ड कर्झन पाहिला, आणि १९१० मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली. चित्रकाराने अर्ध्यावर सोडलेले काम नाटककाराने पुरे केले, असे म्हणायला हरकत नाही.

या सगळ्याची किंमतही मोजावी लागली. एकट्या माणसाची भीती, एडव्हर्ड मुंकने १८९३ मध्ये ‘किंकाळी’त पकडली तशी, या चित्रांत कुठेच नाही, समूहाला जे ठाऊक नाही ते चिन्ह वापरायला कोणी धजले नाही. उलट बंगालच्या नव्या संप्रदायाच्या पाठीराख्यांनी रविवर्म्यांना नाटकी आणि परकीय वळणाचे ठरवले, त्यात भगिनी निवेदिता आणि आनंद कुमारस्वामी अग्रभागी होते. मात्र निवेदितांनी वाखाणलेल्या अवनींद्रनाथ ठाकुरांच्या १९०५ च्या ‘भारतमाते’लाही चार हात आहेत, आणि त्यांतल्या धान्याच्या लोंब्या व शुभ्र वस्त्र बाजूला ठेवले, तर उरतात त्या मळवलीच्या सरस्वतीच्याच दोन वस्तू, पोथी आणि जपमाळ.